तिसऱ्या दारावरचे डोळे

“पायाची बोटं मोजजो,” इकबाल म्हणाला. “सहा भरली तर समज, तोच. मंग वर पाहजो.”

“आणि पाच भरली तर?”

“तर दुसऱ्या दारासमोर उभा हायस तू. जरासाक सरक.” तो हसला आणि हसण्याचा खोकला झाला. त्याच्या बायकोनं, जोहराबी भाभींनी, आतून येऊन त्याच्या पाठीमागे आणखी एक उशी सारली आणि त्या परत गेल्या.

मी खिशातली छोटी वही काढून लिहून घेतलं. तिसरं दार, डावा पाय, सहा बोटं.

“लिहून कायले घेऊन राह्यला बे? परीक्षा हाय का?”

“विसरेन म्हणून.”

“तू नाई विसरत. तू जवळ जात नाईस, हे तुझं दुखणं हाय. दुरून पाहून येशील अन् मले सांगशील, पाह्यलं. म्हणून बोटं मोजाले सांगून राह्यलो. बोटं दुरून मोजता येत नाईत.”

ते खरं होतं. वणीच्या वाचनालयात मी छत्तीस वर्षं काउंटरच्या मागे बसलो. काउंटरच्या पुढे येऊन कुणाशी बोलावं लागलं, तर मला अजूनही घाम फुटतो. माझी बायको शोभा म्हणते, लग्नातसुद्धा मी अंतरपाट खाली येऊ नये म्हणून धरून ठेवला होता. इकबाल माझा मित्र झाला तोही त्याच्या बाजूनं. वाचनालयाची पाटी रंगवायला आला, तीन दिवस शिडीवरून माझ्याशी बोलत राहिला आणि चौथ्या दिवशी पाटीचं काम संपलं तरी आला.

तो ट्रक रंगवायचा. चंद्रपूर रोडला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. कोळशाच्या गाड्या तिथे काळ्या होऊन यायच्या आणि रंगीत होऊन जायच्या. कमळं, वेलबुट्टी, वाघ, मोर. त्याच्या उस्तादाची एक शिस्त होती, ती इकबालनं कधी मोडली नाही. मोर पूर्ण काढायचा, पण डोळ्याची जागा पांढरी सोडायची. गाडी न्यायला मालक आला की ब्रश त्याच्या हातात द्यायचा. डोळा मालकानं द्यायचा. उस्ताद म्हणायचे, जान डालना अपना काम नहीं. त्यामुळे वणीतून निघणारे निम्मे मोर तिरळे असत आणि मालक मात्र खूश असत.

इकबालनं स्वतःच्या हातानं आयुष्यात एकदाच डोळे काढले. ते केरळात, समुद्राकाठच्या एका गावातल्या जुन्या बॅसिलिकात.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. आमच्या गावाबाहेर मिशनची एक लहान शाळा होती. तिथले फादर मल्याळी. त्यांच्या गावच्या चर्चचा मोठा उत्सव होता आणि छताच्या कडेची जुनी फुलं ओल लागून उडाली होती. फादरनी इकबालची कमळं पाहिली आणि त्याला दोन महिन्यांसाठी घेऊन गेले. दुपारी जेवायला तो मागच्या खोलीत बसायचा. तिथे पाद्र्यांची उत्सवाची वस्त्रं ठेवायचं चार दारांचं अजस्र लाकडी कपाट होतं, प्रत्येक दारावर एक देवदूत रंगवलेला. तिसऱ्याचे डोळे गेले होते. दार उघडताना शेकडो वर्षं लोकांचा तळवा नेमका तिथेच टेकत आला होता.

“आंधळ्यासमोर बसून भाकर खाववेना,” इकबाल म्हणाला होता. “रोज वाटे, हा विचारून राह्यला, कोन हाय तिथं? एक दिवशी काढले डोळे. गाडीच्याच रंगानं. कोनाले पुसलं नाई. अन् कोनाचे काढू? जे याद होते तेच काढले.”

याद होते ते आरजूचे. आरजू त्याची मुलगी, चार वर्षांची. बापाबरोबर वाचनालयात यायची आणि माझ्या काउंटरवर बसून नकाशांचं पुस्तक उलटं धरून वाचायची. तिच्या डाव्या डोळ्याच्या काळ्या बुबुळात मधाच्या रंगाचा एक ठिपका होता. ज्या शुक्रवारी इकबालनं तिकडे डोळे काढले, त्याच शुक्रवारी इकडे ती तापानं गेली. तार तिसऱ्या दिवशी पोचली. तो घरी आला तेव्हा दफन होऊन आठवडा झाला होता. तिचा एकही फोटो नव्हता. तेव्हा लहान मुलांचे फोटो उगाच कोण काढत होतं?

हे त्यानं मला चाळीस वर्षांनी सांगितलं. दुकान बंद झालं, त्याचा मुलगा अब्रार कॉम्प्युटरवर कापलेली स्टिकरं लावू लागला, छातीचा आजार बळावला आणि इकबाल खाटेवर आला, त्यानंतर.

“दोन वर्सं झाली. दुपारी डोळा लागला का समोर उभी. रडत नाई, बोलत नाई. नुसती पाह्यते. मी म्हणतो, सोजा बेटी. झोपत नाई. कशी झोपन? तिचे डोळे मी तिकडं उघडे ठेवून आलो ना.” मग माझा हात धरून तो म्हणाला, “तू चाललास तिकडं, तर पाहून ये. कोनी पुसून टाकले असतील तर मले येऊन सांग. मंग मी बी झोपतो.”

ज्येष्ठ नागरिक संघाची सहल केरळला निघाली होती. यादीत ते बॅसिलिका होतं, चाळीस मिनिटं.

मी चपला घालत असताना भाभी अंगणात आल्या. डोक्यावरची ओढणी सारखी करत, दाराकडे पाठ करून, हळू बोलल्या.

“भाईसाब, तिकडं काही असो. येऊन सांगजा का पुसले. बस.”

“पण भाभी, असले तर?”

“असले तरी पुसले. त्यायले चैन पडू द्या.” आणि मी जायला वळलो तेव्हा, “मले बी सांगू नका. मी विचारणार नाई.”

बल्लारशाहून गाडी होती. पूर्ण प्रवासात मी बोटं मोजत होतो, स्वतःची. खोटं बोलायचं ठरलेलंच होतं, तर मग जवळ जायची गरज काय, असाही विचार मनात आला. लाजिरवाणा विचार, पण आला. नुसतं बाहेरून पाहावं, परत येऊन भाभींनी सांगितलेलं वाक्य म्हणावं. मग सहा बोटं आठवायची. इकबाल मला पुरता ओळखून होता.

सगळ्या चर्चना बॅसिलिका म्हणत नाहीत, तो मान पोपकडून मिळतो, हे मी कोशात वाचलं होतं. बसमधून उतरताना ते मी शोभाला सांगितलं.

“बरं,” ती म्हणाली. “चपला काढायच्या का, तेवढं सांगा.”

बाहेरून ते पांढरंशुभ्र होतं, उन्हात बघवत नव्हतं. आत मात्र डोळे निवायला वेळ लागला आणि मग हळूहळू सोनं दिसू लागलं. समोरची वेदी भिंतभर उंच, सगळी कोरीव लाकडाची आणि सोन्याच्या वर्खाची. पीळ घातलेल्या खांबांवर द्राक्षांचे वेल चढले होते. बाजूला प्रवचनाचा उंच लाकडी मंच होता आणि त्याचं ओझं मत्स्यकन्यांनी खांद्यावर घेतलं होतं. त्यांचे चेहरे आपल्याकडच्या देवळातल्या खांबांवर असतात तसेच, गोल आणि किंचित दमलेले. कुण्या सुतारानं चारशे वर्षांपूर्वी त्या आपल्या गावच्या बायांसारख्या कोरल्या असतील. मी वर पाहिलं आणि थबकलो. छताच्या कडेनं कमळं होती. पाकळीच्या मुळाशी गडद गुलाबी, टोकाला पांढरी, मधे एकाच हातानं ओढलेली रेघ. ती कमळं मी चंद्रपूर रोडवर आयुष्यभर पाहिली होती. त्या अंधाऱ्या, मेणाच्या वासाच्या उंचीवर ती अशी शांत बसली होती, जणू तिथलीच.

मागची खोली आता संग्रहालय झाली होती. दार अर्धं लोटलेलं, त्यावर जेवणाच्या सुटीची पाटी. आत एक वृद्ध सिस्टर किल्ल्यांचा जुडगा घेऊन दिवे बंद करत होती. मी पाटी वाचली. पुन्हा वाचली. वीस मिनिटं उरली होती.

“बंद आहे,” मी शोभाला म्हणालो. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो.

“विचारा की.”

“त्यांची जेवणाची वेळ आहे.”

“खाणार आहे का ती तुम्हाला? अहो, एवढे दिवस तो माणूस खाटेवर पडलाय अन् तुम्ही पाटी वाचून परत जाता?” शोभानं मला मागून चक्क ढकललं. माझ्या खांद्यानं दार उघडलं आणि सिस्टरनं वळून पाहिलं.

मी हिंदीत काहीतरी पुटपुटलो. वणी, मित्र, पेंटर, आजारी. वाक्य एकही पुरं झालं नाही. पण सिस्टर काही वर्षं नागपुरात शिकवायला होती. ‘वणी’ ऐकून तिनं विझवलेला दिवा परत लावला.

“दस मिनट,” ती म्हणाली.

काचेच्या पेटीत हस्तिदंताचा एक झोपलेला बाळ येशू होता, तळहाताएवढा, गालाखाली हात घेतलेला. चांदीचा मोठा क्रूस होता, मिरवणुकीत नेण्याचा. जांभळ्या मखमलीवर जरीचं काम केलेला एक झगा, त्याची जर काळी पडलेली. आणि उतरत्या चौकटीवर एक भलंमोठं हस्तलिखित, गाण्याच्या स्वरांचं, लांब उभ्या गायकांना दुरून दिसावं म्हणून मोठ्या अक्षरांत. त्या पुस्तकापाशी मी गरजेपेक्षा जास्त थांबलो. कागदाच्या कडा पाहिल्या, शिवण पाहिली. मला तिथून हलायचं नव्हतं. कारण कोपऱ्यात कपाट आहे हे मला आत शिरतानाच समजलं होतं. मी त्याच्याकडे अजून पाहिलं नव्हतं, तरी त्या बाजूचा माझा गाल तापला होता.

मी खाली मान घालून गेलो. तिसरं दार. डावा पाय ढगावर टेकलेला. एक, दोन, तीन, चार, पाच. करंगळीच्या पलीकडे वेलदोड्याएवढं सहावं.

मग वर पाहिलं.

देवदूत मोठ्या माणसाच्या उंचीचा होता. पंख मोरपिशी, हातात धूपदान, चेहरा जुन्या काळच्या कुण्या परक्या माणसाचा, रंग तडकलेला. आणि त्या चेहऱ्यात चार वर्षांच्या पोरीचे डोळे होते. डाव्या बुबुळात मधाचा ठिपका. काउंटरवर बसून नकाशावरून मान वर करून ‘हे वाचू?’ असं विचारताना ती जशी पाहायची, तशीच ती पाहत होती. मी डावीकडे सरकलो. ती पाहत होती. हे मला दिसलं की मी ते मनानं कल्पून घेतलं, सांगता येत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे एका मुलीचे डोळे मला खरंच आठवतात का, हे मी तेव्हापासून स्वतःला अनेकदा विचारलंय. पण त्या क्षणी माझ्या तोंडून तिचं नाव निघालं.

“जानते हैं?” सिस्टरनं विचारलं.

मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, मलाच कळलं नाही.

“दिल्लीसे एक्सपर्ट आया था. बोला, ये आँख बाद का है, दूसरा पेंट है, निकाल देगा. हमारा फादर बोला, रहने दो.” किल्ल्या तिनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. “शाम को छह बजे मैं रूम बंद करती. तब ये दरवाज़ा पूरा खोलके दीवार की तरफ़ कर देती. नहीं तो मेरेसे ताला नहीं लगता. ऐसा देखती है, जैसे कोई लेने आनेवाला है.”

फोटो काढायला मनाई होती. माझ्या खिशात फोन होता, सिस्टर दिवे विझवायला पाठमोरी झाली होती आणि मी फोटो काढला नाही. निघताना तिनं मला चर्चची माहितीपत्रिका दिली. बसमध्ये शोभानं विचारलं, “मग? आहेत?” मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

वणीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. इकबाल भिंतीला टेकून बसला होता, दाढी केलेली, धुतलेला सदरा. माझ्यासाठी तयार होऊन बसला होता.

“बोटं?”

“सहा. करंगळीच्या बाजूला वेलदोड्याएवढं.”

त्यानं डोळे मिटून मान डोलावली. “म्हंजे गेलता तू. माय गॉड, गेलता.” मग म्हणाला, “मत्स्यकन्या?”

“ओझं धरून उभ्या आहेत. तुझी कमळंही आहेत. सगळी.”

“रंग उडाला असन.”

“नाही. कालच काढल्यासारखी आहेत.”

तो खूश झाला. एवढं सगळं खरं होतं आणि तो ते एकेक तपासून ठेवून देत होता. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती.

“अन् डोळे?”

“नाहीत,” मी म्हणालो. “दिल्लीहून तज्ज्ञ आले होते. म्हणाले, हा नंतरचा रंग आहे. काढून टाकला.”

“मंग आता काय हाय तिथं?”

याची मी तयारी केली नव्हती. नुसतं लाकूड म्हणालो असतो तर त्याला पुन्हा तो आंधळा दिसला असता. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं लिहिलेलं सांभाळलं, स्वतः एक ओळ रचली नाही. ती तेव्हा रचली.

“एक बारीक रेघ राहिलीये. पापणीसारखी. मिटल्यासारखे दिसतात.”

“मिटले,” इकबाल म्हणाला. बराच वेळ तो माझ्याकडे पाहत होता. पेंटर माणूस होता, असा रंग काढल्यावर अशी रेघ उरते की नाही, त्याला ठाऊक असणारच. पण सहा बोटं खरी होती. “जोहरा,” त्यानं हाक मारली, “खिडकी लाव वो. ऊन येऊन राह्यलं.”

तो झोपला. संध्याकाळपर्यंत उठला नाही, असं अब्रारनं नंतर सांगितलं. पुढे एकोणीस दिवस तो होता आणि दुपारी झोपत होता. मग एका दुपारी तो तसाच गेला.

मी चांगलं केलं की वाईट, मला समजत नाही. तेव्हापासून संध्याकाळचे सहा वाजले की माझा हात पुस्तकावरून निघतो. आता सिस्टर दार फिरवत असेल, असं मनात येतं. ज्यानं आरजूला घ्यायला यायचं होतं, त्याला मी सांगितलं की ती झोपलीये.

इकबालच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी भाभींनी मला बोलावून घेतलं. खाट उचलली होती. तिच्या जागी फरशी वेगळ्या रंगाची दिसत होती. कोपऱ्यात पत्र्याचा एक तुकडा भिंतीला टेकवला होता, त्यावर मोर, डोळ्याच्या जागी पांढरा ठिपका.

त्यांनी चहा दिला. माझा कप रिकामा होईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या.

“मी म्हटलं होतं, विचारणार नाई.”

“हो.”

“आता विचारून राह्यले.”

मी कप खाली ठेवला. “आहेत, भाभी.”

“तो ठिपका?”

“आहे. डाव्या डोळ्यात.”

“केवढी दिसते?”

“तेवढीच,” मी म्हणालो. “चार वर्षांची.”

त्यांनी सावकाश मान डोलावली, एखाद्या नातेवाइकाची खुशाली ऐकावी तशी. खोली कशी आहे, वारा येतो का, लोक येतात का, असं त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. हस्तिदंताचं झोपलेलं बाळ समोरच्याच पेटीत आहे, हे सांगितलं. ते त्यांना आवडलं. सांगण्याच्या भरात मी सिस्टरचं दार फिरवणंही सांगून गेलो. ती असं का करते, ते एक वाक्य मात्र मी गिळलं.

“भिताडाकडं तोंड?” भाभी म्हणाल्या. “पूरी रात?”

“सकाळी परत फिरवत असतील.”

“नाई, नाई.” त्या उठून उभ्या राहिल्या, परत बसल्या. “भाईसाब, त्या बाईले फोन लावता येते का? तिले म्हना, नका फिरवू. ती अंधाराले भेते. कंदील बारीक केला तरी उठून बसे. तिचे अब्बा गावाले असले का मी दार उघडं ठेवून झोपत होते.”

माहितीपत्रिका माझ्या वहीत होती. मागच्या बाजूला नंबर होता. अनोळखी माणसाला फोन करायचा तर मी आधी कागदावर वाक्यं लिहून घेतो. भिंतीवरच्या घड्याळात सहाला बारा मिनिटं कमी होती. मी आकडे दाबले.

तिकडे घंटी वाजू लागली. ती लांब, दगडी जागेत वाजत असावी. दोनदा वाटलं, ठेवून द्यावा. भाभी माझ्या हाताकडे पाहत होत्या. मग किल्ल्यांचा आवाज आला आणि कुणीतरी दम लागल्यासारखं “हॅलो” म्हणालं.

भाभी उठल्या आणि घरात कुणी आल्यावर घेतात तशी त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली.

“सिस्टर,” मी म्हणालो, “वो तीसरा दरवाज़ा...”